खोलीतली झटापट आणि जिन्यावरचा ठोसा: अॅम्ब्युलन्सच्या लोकांशी मारामारी झाली तर स्वसंरक्षण कुठवर?

लालबागच्या एका चाळीतून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्याने काही न लपवता लिहिलंय, म्हणून आधी हकीकत थोडक्यात सांगते. वडील अडुसष्ट वर्षांचे, इन्सुलिनवर. रात्री साडेनऊला घामाने डबडबले, असंबद्ध बडबडायला लागले. आईने १०८ ला फोन केला. डॉक्टर आणि ड्रायव्हर तिसऱ्या मजल्यावर आले. सुई लावताना वडिलांनी डॉक्टरांच्या पोटात लाथ मारली. ड्रायव्हरने त्यांचे दोन्ही हात धरले आणि छातीवर गुडघा रोवला. नेमका तेव्हाच धाकटा भाऊ कामावरून आला. घरात काय चाललंय याची त्याला काहीच कल्पना नव्हती. त्याने ड्रायव्हरची कॉलर धरून मागे खेचलं, ड्रायव्हरचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. उठल्या उठल्या ड्रायव्हरने भावाच्या कानाखाली वाजवली. शेजाऱ्यांनी दोघांना बाजूला केलं. ग्लुकोज शिरेतून गेल्यावर दहा मिनिटांत वडील माणसात आले. त्यांना यातलं काहीही आठवत नाही. मग त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवताना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भावाने ड्रायव्हरच्या तोंडावर ठोसा मारला. पुढचा दात तुटला. पहाटे गुन्हा दाखल झाला, आरोपी भाऊ आणि वडील दोघेही. घरच्यांची तक्रार मात्र एन.सी. (अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी) म्हणून लिहून कागद हातात दिला. प्रश्न असा: हे स्वसंरक्षण नाही का?

सरळ उत्तर आधी देते. वडिलांवरचा गुन्हा टिकेल असं मला वाटत नाही. भावाने खोलीत जे केलं त्याला बचाव आहे आणि तो चांगला आहे. जिन्यावर जे केलं त्याला स्वसंरक्षणाचा बचाव नाही. कुणी वकील ‘आहे हो, बघू’ म्हणाला, तर वकालतनाम्यावर सही करण्याआधी आणखी एकाला विचारा.

मी बावीस वर्षं मुंबईत फौजदारी वकिली करते. भोईवाड्यात, किल्ला कोर्टात, सेशन्सला. डॉक्टरांच्या बाजूनेही उभी राहिले आहे आणि नातेवाइकांच्याही. दोन्हीकडे एकच गैरसमज दिसतो. आपण घरी सांगताना ‘मारामारी झाली’ असं एका दमात सांगतो, जणू ती एकच गोष्ट आहे. कोर्ट तिचे तुकडे करतं. तुमच्या प्रकरणात लाथ, धरणं, खेचणं, कानाखाली आणि ठोसा अशा पाच कृती आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा होणार आहे. एकीचा बचाव दुसरीला उधार मिळत नाही.

वडिलांपासून सुरुवात करते. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आली ती) साधी दुखापत हा गुन्हा कलम ११५ मध्ये आहे. तो ‘इच्छापूर्वक’ केलेला असावा लागतो, म्हणजे दुखापत करण्याचा हेतू हवा किंवा आपल्या कृतीने दुखापत होईल याची जाण हवी. रक्तातली साखर खूप उतरली की मेंदूला इंधन मिळत नाही, कारण मेंदू जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो. माणूस गोंधळतो, चिडतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, जवळ येणाऱ्याला ढकलतो. बाहेरून बघणाऱ्याला तो दारू प्यायल्यासारखा वाटतो, आणि पोलिसांच्या कागदावर अनेकदा तेच उतरतं. त्या अवस्थेतली लाथ ही हेतूची लाथ नव्हे. तुमच्या वकिलाला कदाचित कलम २२ सुचेल, म्हणजे मनोविकल अवस्थेचा बचाव. मी त्याच्यावर सगळा भार टाकणार नाही, कारण तो सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं. हेतू सिद्ध करायचं ओझं मात्र सरकार पक्षावर असतं, ते तिथेच राहू द्या.

यात सगळ्यात महत्त्वाचा पुरावा एक आकडा आहे. डॉक्टरांनी सुई लावण्याआधी बोट टोचून साखर बघितली असणारच. ७० च्या खाली साखर कमी मानतात आणि ५४ च्या खाली गंभीर. अॅम्ब्युलन्सच्या नोंदीच्या कागदावर तो आकडा आणि वेळ लिहिलेली असते, आणि पुढे हॉस्पिटलच्या केस पेपरवरही उतरते. म्हणजे तुमच्या वडिलांचा सर्वांत भक्कम साक्षीदार फिर्यादी पक्षाच्याच हातचा कागद आहे. त्याची प्रत मिळवण्यासाठी आजच लेखी अर्ज द्या आणि अर्जावर पोचेचा शिक्का घ्या. दारू पिऊन घातलेल्या गोंधळाला ही सवलत नाही, हेही लक्षात ठेवा. स्वतःहून घेतलेल्या नशेत माणूस शुद्धीवर असल्यासारखीच त्याची जाण धरली जाते. कलम २४ तेच सांगतं.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. वडिलांचा गुन्हा नाही, म्हणून ड्रायव्हरने त्यांना धरणं गुन्हा ठरत नाही. कलम ३६ हेच सांगण्यासाठी आहे: समोरचा माणूस मनोविकल, नशेत किंवा अजाण असल्यामुळे त्याची कृती गुन्हा ठरत नसली, तरी तिच्यापासून स्वतःला वाचवायचा हक्क तेवढाच राहतो. त्याशिवाय कलम ३० आहे. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नाही, विचारायला वेळ नाही आणि कृती त्याच्याच भल्यासाठी सद्भावनेने केली, तर संमतीवाचून केलेल्या उपचाराने दुखापत झाली तरी तो गुन्हा नाही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने ‘मला सुई नको’ म्हटलं तर गोष्ट पूर्ण बदलते. तेव्हा सही घेऊन निघून जायचं असतं, जबरदस्ती करायची नसते. तुमच्या वडिलांची अवस्था तशी नव्हती.

प्रश्न उरतो गुडघ्याचा. कलम ३७ म्हणतं, बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हात धरणं गरजेचं होतं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या छातीवर पूर्ण वजन टाकणं गरजेचं होतं का? धडपडणाऱ्या रुग्णाला धरताना छाती आणि मान मोकळी ठेवायची, कारण दाबाने श्वास कोंडतो, हे या कामात शिकवतात. बरगडीला इजा झाली असेल तर एक्स-रे काढा, छातीवर वळ असेल तर फोटो काढून ठेवा. पण खरं सांगते, दोन मिनिटांची झटापट, अरुंद खोली, पोटात लाथ बसलेला डॉक्टर असं चित्र असताना न्यायाधीश गुडघ्याला फार कडक माप लावणार नाहीत. हा मुद्दा ड्रायव्हरला शिक्षा होण्यासाठी उपयोगी नाही. भावाला दारातून काय दिसलं हे दाखवण्यासाठी उपयोगी आहे, आणि तिथेच त्याचं वजन आहे.

कारण स्वसंरक्षणाचा हक्क फक्त स्वतःच्या शरीरापुरता नाही. कलम ३५ मध्ये दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं रक्षण येतं. भाऊ दारात आला तेव्हा त्याला अॅम्ब्युलन्स माहीत नव्हती, साखर माहीत नव्हती. बाप खाली पडलेला, ओरडतोय आणि परका माणूस छातीवर गुडघा देऊन बसलाय, एवढंच दिसलं. ड्रायव्हर कायद्याने योग्य करत असला, तरी भावाची समजूत प्रामाणिक पण चुकीची असेल तर कलम १७ त्याला वाचवतं. तथ्याबाबतची चूक, कायद्याबाबतची नव्हे. यात ‘सद्भावना’ हा शब्द आहे आणि न्याय संहितेत त्याचा अर्थ ‘चांगलं मन’ असा नाही. रीतसर काळजी घेऊन, असा आहे. सरकारी वकील उलटतपासणीत इथेच बोट ठेवणार. खाली अॅम्ब्युलन्स उभी नव्हती का? दिवा चालू नव्हता का? ड्रायव्हरच्या अंगावर गणवेश नव्हता का? डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता का? आई ‘अरे थांब, डॉक्टर आहेत’ असं ओरडली का, आणि ती ओरडल्यानंतर भावाने हात सोडला की नाही?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या लिहिण्यात सापडत नाही. बहुतेक सगळं त्यावरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. त्यांतलं एक असं की हल्ल्याच्या क्षणी माणसाने आपला बचाव तराजूत तोलून, पायरीपायरीने करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. भावाने एकदा खेचलं, डोकं चौकटीला लागलं. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणालाही खेचलं तर तो कुठेतरी आपटणारच. हे गरजेपेक्षा जास्त झालं असं म्हणणं कठीण आहे.

‘पण ते सरकारी माणूस होते ना?’ असं पोलिसांनी तुम्हाला सुनावलं, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन मुद्दे आहेत. पहिला, कलम ३७ खरंच लोकसेवकाला जास्त संरक्षण देतं. लोकसेवक सद्भावनेने, आपल्या पदाच्या नात्याने काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटत नसेल, तर त्याची कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध हात उचलायचा हक्क नाही. पण समोरचा लोकसेवक आहे हे ठाऊक नसेल आणि ठाऊक असण्याचं कारणही नसेल, तर हक्क जात नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. म्हणजे गाडी पुन्हा दारातल्या त्या दोन सेकंदांवर येते. दुसरा मुद्दा, तो लोकसेवक होता का? महापालिकेच्या हॉस्पिटलातला पगारी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय नक्कीच लोकसेवक. खाजगी हॉस्पिटलचा माणूस नाही. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती शासनाची असली तरी माणसं ठेकेदार कंपनीमार्फत नेमलेली असतात. त्यांचा पगार कोण देतं, नेमणुकीचं पत्र कोणाच्या सहीचं आहे, हे तुमच्या वकिलाने पहिल्याच तारखेला मागावं. नुसता वाद घालण्यासाठी नव्हे. दाताचं प्रकरण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं की दहा वर्षांपर्यंतच्या, हे त्या एका कागदावर ठरतं.

पोलीस ठाण्यात अजूनही सगळे ‘३५३ लावला’ असंच म्हणतात. ते जुनं कलम. आता १३२ आहे. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. महाराष्ट्राने २०१८ मध्ये जुन्या ३५३ ची शिक्षा पाच वर्षं केली होती, ती नव्या संहितेत पुन्हा दोनवर आली. दुखापत केली तर १२१: साधी असेल तर पाच वर्षांपर्यंत, जबर असेल तर किमान एक वर्ष आणि कमाल दहा. या सगळ्यांच्या डोक्यावर महाराष्ट्राचा स्वतःचा २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरच्या हिंसेविरुद्धचा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र. तिथे लोकसेवक असण्याची अट नाही, खाजगी हॉस्पिटलातली सिस्टरही येते. झटापटीत यंत्र फुटलं तर खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई, आणि न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. ग्लुकोमीटर खाली पडून फुटला असेल तर आजच विचारून घ्या.

कानाखाली मारलेली? तिला ड्रायव्हरकडे बचाव आहे, पण पातळ. खेचलं गेल्यावर, डोकं आपटल्यावर, समोरचा अजून अंगावर येतोय असं वाटत असताना एक फटका मारला, तर तो हक्काच्या आत बसतो. भाऊ थांबला होता आणि मग मारली असेल तर नाही. लोकसेवक असणं इथे त्याच्या कामी येत नाही. रुग्णाच्या मुलाच्या कानाखाली मारणं हा कुठल्याही पदाचा भाग नाही.

आता जिना. तुम्ही लिहिलंय, ‘त्याने आधी मारलं होतं, म्हणून भावाचा हात उठला.’ हे वाक्य पोलिसांसमोर पुन्हा म्हणू नका, आणि म्हटलं असेल तर वकिलाला सांगा. ‘म्हणून’ हा शब्द बदल्याचा आहे, बचावाचा नाही. कलम ४० नुसार शरीराच्या रक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की सुरू होतो, आणि भीती टिकते तोवरच टिकतो. खोलीत शेजारी मध्ये पडले, दहा मिनिटं गेली, वडील बोलायला लागले. जिन्यावर ड्रायव्हरचे दोन्ही हात कुठे होते? खुर्चीच्या पुढच्या पायांवर, आणि त्या खुर्चीत तुमचे वडील. ज्याचे दोन्ही हात तुमच्या बापाला सांभाळण्यात गुंतलेत, त्याच्यापासून कोणाला कसला धोका होता? त्या ठोशाने खुर्ची सुटली असती तर वडीलच दोन मजले गडगडले असते. मी न्यायाधीशांच्या जागी असते तर मला हेच आठवत राहिलं असतं.

दात तुटणं कायद्याने जबर दुखापत आहे, कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं, निखळणं दोन्ही येतं. लोकसेवक ठरला तर १२१ चा दुसरा भाग, नाही ठरला तर ११७, सात वर्षांपर्यंत. तुमच्या वकिलाने इथे तीन गोष्टी बघाव्यात. दाताचा एक्स-रे आहे का आणि तो किती तासांनी काढला? दात आधीच किडलेला किंवा हलता होता का, दंतवैद्याच्या नोंदीत काय आहे? आणि कलम १२२, अचानक आणि गंभीर चिथावणीने केलेली जबर दुखापत, ज्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत उतरते आणि नुसत्या दंडावरही भागू शकतं. बापाच्या छातीवरचा गुडघा आणि गालावरची थप्पड ही चिथावणी म्हणून मांडता येईल. पण मधली दहा मिनिटं ‘अचानक’ या शब्दाला खात बसलेली आहेत. शिक्षा कमी व्हावी म्हणून हे सगळं सांगता येतं, निर्दोष सुटण्यासाठी नव्हे.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही बघितली आहे. उपनगरातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एका निवासी डॉक्टरचा गळा रुग्णाच्या मेहुण्याने धरला. डॉक्टरने हाताला आला तो स्टीलचा ट्रे मेहुण्याच्या कपाळावर मारला, सहा टाके पडले. मी डॉक्टरच्या बाजूने होते. सीसीटीव्हीत फक्त ट्रे दिसत होता, कारण मेहुण्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती. वाचवलं ते एका सिस्टरने. तिने त्याच रात्री, कोणी न सांगता, डॉक्टरच्या मानेवरच्या नखांच्या खुणांचे फोटो काढले होते, शेजारी मोजपट्टी धरून. केस चालू असताना सरकारी वकील पुन्हा पुन्हा एकच विचारत होते: ‘ट्रे लागल्यावर त्याने गळा सोडला, त्यानंतर तुम्ही काय केलंत?’ उत्तर होतं, ‘ट्रे खाली ठेवला.’ तो दुसऱ्यांदा मारला असता तर त्या फोटोंचा काही उपयोग झाला नसता.

स्वसंरक्षण सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम १०८ प्रमाणे. पण ते सरकार पक्षाइतकं जड नाही. ‘निःसंशय’ सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं की पुरे. आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाला विचारात घ्यावा लागतो. हे १९६८ च्या मुन्शी राम निकालापासून पक्कं आहे. म्हणून पोलीस ठाण्यात घाईने ‘मी हात लावलाच नाही’ असं सांगणं हा सगळ्यात वाईट सल्ला. हातच लावला नाही तर बचाव कसला केला? व्हिडिओ बाहेर आला की आधी तेच खोटं ठरतं, आणि मग खरं सांगितलेलंही कोणी ऐकत नाही.

व्हिडिओवरून आठवलं. चाळीत तेव्हा किमान दोन फोन तरी चालू असणार. ज्याने शूटिंग केलं त्याला मूळ फाइल तशीच ठेवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर फिरलेली दबलेली प्रत कामाची नाही. पुढे त्या फोनधारकाला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागेल, मूळ फोन आणि फाइल असेल तरच ते जमतं. भावाच्या गालावर वळ आहेत का? असतील तर आजच महापालिकेच्या हॉस्पिटलात जाऊन एम.एल.सी. (पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय तपासणी आणि नोंद) करून घ्या. तीन दिवसांनी केलेल्या तपासणीला कोर्टात कोणी विचारत नाही.

गुन्हा एवढ्या लगेच का नोंदला, असंही तुम्ही विचारलंय. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात महिला डॉक्टरच्या खुनाची घटना घडल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य विभागाने आदेश काढला, की ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या नावाने गुन्हा नोंदवावा. तो केंद्राच्या संस्थांसाठी होता, पण तेव्हापासून पोलीस अशा तक्रारींत हात आखडता घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मला त्यात वाईट काही दिसत नाही. मुंबईतल्या निवासी डॉक्टरांनी मार्च २०१७ मध्ये सामूहिक रजा घेतली होती ती उगाच नव्हे. त्यानंतर सरकारी आणि पालिका हॉस्पिटलांत महाराष्ट्र सुरक्षा दलाचे जवान आले. रात्री दोनला छत्तीस तास जागा असलेला पंचवीस वर्षांचा मुलगा वीस नातेवाइकांसमोर उभा राहतो, ते मी कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून पाहिलंय.

अटकेचं सांगते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली ती) कलम ३५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात आहे. एफआयआरमध्ये १२१ चा दुसरा भाग लावला असेल तर दहा वर्षांचा गुन्हा झाला, ते कवच राहत नाही. मग उशीर न करता सेशन्सला त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. अर्जात दातावर वाद घालत बसू नका. लोकसेवक असल्याचा कागद नाही, हत्यार नाही, पूर्वीचा गुन्हा नाही, तपासाला सहकार्य, आणि वडिलांचा साखरेचा आकडा, एवढं पुरेल. वडिलांसाठी वेगळा अर्ज करा, एकाच अर्जात दोघांना गुंडाळू नका. त्यांची बाजू स्वच्छ आहे, तिच्यावर जिन्याचा डाग कशाला?

तुमची एन.सी. झाली कारण साधी दुखापत अदखलपात्र आहे. त्याचा तपास हवा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. एकाच घटनेच्या दोन बाजू असतील तर दुसरी फिर्याद घेण्याला कायद्याची आडकाठी नाही, आणि दोन्ही खटले एकाच न्यायाधीशासमोर चालावेत अशी पद्धत आहे. पण एक सांगते, गुडघ्यावरून डॉक्टरांविरुद्ध निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायला धावू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. त्या डॉक्टरांनी पोटात लाथ खाऊनही सुई लावली आणि तुमचे वडील बोलायला लागले, हेच ते मत देणारा आधी वाचेल. जामीन मागताना कोर्टासमोर उगाच सूड उगवणारे दिसू नका.

तडजोड होऊ शकते का? १३२ आणि १२१ कोर्टाबाहेर मिटवता येत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि ड्रायव्हरचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. दाताचा खर्च द्यायची तयारी असेल तर ती वकिलामार्फतच कळवा. भावाला त्याच्या घरी पाठवू नका. हात जोडायला गेलेल्या माणसावर साक्षीदाराला धमकावल्याचा ठपका आलेला मी पाहिलाय.

आणि आई. लाथेपासून ठोशापर्यंत पाचही कृती समोर घडताना पाहिलेली, तुमच्या बाजूची, ती एकटीच आहे. आज संध्याकाळी तिला वही-पेन द्या, जे जसं घडलं तसं तिच्याच शब्दांत लिहू द्या. तुम्ही शेजारी बसू नका, दुरुस्त्या करू नका. भाऊ दारात आला तेव्हा ती काय ओरडली, तो कधी थांबला, हे त्यात येईल. जिन्यावरचा ठोसाही येईल, तो येऊ द्या. खाली तारीख, वेळ आणि सही. तो कागद वकिलाकडे द्या, पोलिसांकडे नाही.